स्वभावाला औषध नाही?

कुर्डुवाडीत माणसे ओळखण्याची आमची जुनी पद्धत सोपी होती. अमका तापट, तमकी हेकट, तिसरा संशयी. एखाद्याचे फारच झाले तर वडीलधारे म्हणत, ‘स्वभावाला औषध नाही,’ आणि विषय संपे. आता नव्या पिढीने ही नावे बदलली आहेत. माझ्याकडे संध्याकाळी दहावी-अकरावीची काही मुले अभ्यासाला येतात. मध्यंतरी त्यातला एक म्हणाला, ‘सर, आमचे पप्पा नार्सिसिस्ट आहेत.’ एका मुलीने दोन दिवस न बोललेल्या मैत्रिणीला ‘बॉर्डरलाइन’ ठरवून टाकले होते. हे कुठे शिकलात, असे विचारले, तर दोघांचेही उत्तर एकच, ‘रीलमध्ये.’

मुलांना मनाच्या आजारांची नावे तरी कळू लागली, याचा मला आनंदच आहे. आमच्या वेळी ‘डोक्यावर परिणाम’ हा एकच शब्द होता. पण ही नवी नावे आणि ती जुनी म्हण एकच गोष्ट सांगतात, की हा माणूस असाच, तो बदलणार नाही. मला त्याचीच भीती वाटते.

व्यक्तिमत्त्व विकार म्हणजे वाईट स्वभाव नव्हे. दुभंगलेले व्यक्तिमत्त्व तर मुळीच नव्हे, तो सिनेमाने करून दिलेला गैरसमज. राग, संशय, टापटीप, कौतुकाची हौस आपल्या सगळ्यांत असते. पण त्यातले एखादे वळण किशोरवयात किंवा ऐन तारुण्यात इतके घट्ट होते, की घर, शाळा, नोकरी, मैत्री असे सगळीकडे ते आडवे येते, वर्षानुवर्षे टिकते आणि त्याचा त्या माणसाला किंवा भोवतालच्यांना खरोखर त्रास होतो. तेव्हाच तज्ज्ञ हा शब्द वापरतात. वडील फक्त परीक्षेच्या दिवसांत ओरडत असतील, तर तो विकार नाही. तो मार्च महिना आहे.

एक फरक आपल्या भाषेने फार आधी टिपला आहे. पुन्हा पुन्हा हात धुणाऱ्याला आपण ‘मंत्रचळ’ झाला म्हणतो. त्याला स्वतःलाच ते नको असते, पण थांबता येत नाही. उलट ज्याला घरातली प्रत्येक वस्तू आपल्याच शिस्तीत हवी आणि त्यापायी काम अडले, माणसे दुखावली तरी चालते, त्याला आपण चुकतो आहोत असे सहसा वाटतच नाही. पहिला आजार, दुसरा व्यक्तिमत्त्वाचे वळण. आमच्या गावच्या जुन्या लोकांना हे चटकन कळेल. बार्शी लाईटची अडीच फुटी गाडी 1897 पासून आपल्या रुळांवर बिनतक्रार धावली. खोळंबा होई तो कुर्डुवाडीला, जिथे तिची मोठ्या रुळांशी गाठ पडे आणि सगळ्यांना बोचकी घेऊन उतरावे लागे. दृष्टान्त फार ताणू नये, पण ते रूळही पुढे टप्प्याटप्प्याने बदललेच.

गंमत अशी, की मुले ही लेबले उचलत असताना तज्ज्ञ ती खाली ठेवत आहेत. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या 2013 च्या सूचीत अशा विकारांचे दहा प्रकार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची 2022 पासून अमलात आलेली सूची मात्र आधी विचारते, त्रास किती आहे? सौम्य, मध्यम की तीव्र? स्वभावाचे कोणते पैलू ठळक आहेत, हा प्रश्न त्यानंतरचा. जुन्या नावांपैकी ‘बॉर्डरलाइन’ची खूण तेवढी उरली आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत तर डॉक्टरही असे निदान जपूनच करतात. ज्या वयात माणूस घडतच असतो, त्या वयात रीलवाल्याने एका मिनिटात निकाल द्यावा?

समर्थांनी दासबोधात मूर्खलक्षणे सांगितली ती त्याग करण्यासाठी, म्हणजे आधी स्वतःत शोधण्यासाठी. आपण ती शेजाऱ्याच्या घरात मोजत बसलो.

या सगळ्यात खरोखर भरडली जाते ती वेगळीच मुलगी. क्षणात जीव लावणारी, क्षणात तोडून टाकणारी, सोडून जातील या धास्तीने सैरभैर होणारी, कधी स्वतःलाच इजा करून घेणारी. घरचे म्हणतात, ‘नाटकं करते.’ मार्शा लिनेहान ही अमेरिकी मुलगी अशाच अवस्थेत 1961 साली सतराव्या वर्षी मनोरुग्णालयात दाखल झाली आणि दोन वर्षांहून अधिक काळ तिथे राहिली. पुढे ती मानसशास्त्रज्ञ झाली. अशाच रुग्णांसाठी तिने उपचारपद्धती घडवली. आहे त्या मनाचा स्वीकार करायचा आणि त्याच वेळी बदलाचा सरावही करायचा. भावनेला नाव देणे, लाट ओसरेपर्यंत तग धरणे, भांडण न करता मागणे, ही त्यातली शिकवणी. आपली स्वतःची कहाणी तिने जाहीरपणे सांगितली ती 2011 साली, साठी उलटून गेल्यावर. आणि दहा वर्षे रुग्णांचा माग ठेवणाऱ्या अमेरिकेतल्या अभ्यासातही बहुतेकांची तीव्र लक्षणे ओसरलेली दिसली. नोकरी आणि नाती सावरायला मात्र अधिक वेळ लागतो, हेही खरे.

तेव्हा ती म्हण अर्धीच खरी. स्वभाव बदलणारी गोळी नाही. सोबतच्या उदासीला किंवा झोपेला औषध देतात, तेवढेच. मुख्य उपचार बोलण्याचा आणि सरावाचा, आणि तो महिनोन्‌महिने चालतो. इथून सोलापूरला त्यासाठी खेपा घालायच्या, तर ‘कशाला जाता?’ या प्रश्नाला उत्तर द्यावे लागते. त्या प्रश्नाच्या धाकाने किती घरे थांबतात, हे मी पाहिले आहे.

मुलांनो, घरात कोणी मारत असेल किंवा रोज घालूनपाडून बोलत असेल, तर त्या माणसाला कोणता विकार आहे हे ठरवत बसू नका. विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा, किंवा 1098 फिरवा. आणि मन आवरत नसेल, स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर 2022 साली सुरू झालेल्या टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक आहे. तो चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते. तिथे आजाराचे नाव सांगावे लागत नाही. काय होते, केव्हापासून होते, झोप आणि जेवण कसे आहे, एवढे सांगितले तरी बोलणे सुरू होते.