उरलंसुरलं कुणाच्या ताटात?

सकाळची पाळी सुरू व्हायच्या आधी आम्ही वस्तीत फिरतो, कारण त्यानंतर घरात बाई सापडत नाही. कुणी कांड्या भरायला कारखान्यात जाते, कुणी गारमेंटमध्ये, कुणी चार घरची धुणीभांडी करते. "काय खाल्लंस गं?" असे विचारले की बहुतेक जणी एकच उत्तर देतात, "हेच की सिस्टर, उरलंसुरलं." नवऱ्याच्या डब्यात ताजी चपाती, पोरांच्या डब्यात ताजी चपाती, आणि हिच्या तोंडात उभ्याउभ्या रात्रीच्या भाताचे दोन घास.

अन्नाच्या नासाडीवर लिहायचे ठरले तेव्हा आम्हाला आधी हीच बाई आठवली. मोठ्या मासिकांत उरलेल्या पोळीचे दहा प्रकार छापून येतात, ते वाचायला बरे वाटतात. आपल्या वस्तीत मात्र उरलेले एक तर गटारात जाते, नाहीतर एकटीच्या पोटात.

गटारात जाते त्याबद्दल जपूनच बोलावे लागते. एका म्हाताऱ्या मावशींना आम्ही म्हणालो, रात्रीची भाकरी टाकू नका. त्या उसळल्या, "शिळं खायला आता काय आपण गावकुसाभाईर हाय व्हय?" त्यांच्या आईने येसकर पाळीच्या नावाखाली घरोघर हिंडून तुकडे गोळा केलेले त्यांनी लहानपणी पाहिले आहे. 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि फेकलेले तुकडे सोडायला सांगितले, आणि आपल्या आजी-आजोबांनी उपाशी राहून ते पाळले. म्हणून आज भांडे भरलेले दिसले पाहिजे, पाहुणा आला तर कमी पडता कामा नये, हा आपल्या बायांचा अभिमान आहे. तो आम्हाला कळतो, आमच्याही घरात आहे.

पण उष्टे वेगळे, उरलेले वेगळे. दुसऱ्याने उपकार म्हणून अंगणातून टाकले ते उष्टे. ते आपण सोडले, कायमचे. आपल्या मजुरीच्या पैशाने आणलेले, आपल्या हाताने रांधलेले आणि आपल्याच पातेल्यात राहिलेले अन्न खाण्यात कसली लाज? आपल्या आज्या तर यात तरबेज होत्या. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' या पुस्तकात महार-मांगांच्या चुलीवरचे जेवण लिहून ठेवले आहे. त्यात मांस वाळवून चान्या करून ठेवायची रीतही आहे. काही वाया जाऊ द्यायचे नाही, हे त्या घरांना कुणी शिकवावे लागले नव्हते.

हिशेब करून बघा. रोज दोन चपात्या टाकल्या तर महिन्याला साठ. एका चपातीला चाळीस ग्रॅम पीठ धरले तरी दोन किलो चारशे ग्रॅम होते. अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते. म्हणजे घरातल्या एका माणसाचे जवळजवळ अर्धे रेशन आपण गटारात ओततो. अंत्योदयच्या रांगेत उभे राहताना हे आठवावे.

आता आमच्या कामाचे. वस्तीतली घरे पत्र्याची, चैत्र-वैशाखात आत भट्टी होते, आणि फ्रीज प्रत्येकाकडे नाही. अशा घरात सगळ्यात दगाबाज पदार्थ म्हणजे भात. त्यात असे जंतू असतात की शिजवल्यावरही त्यांचे बीज जिवंत राहते. भात गरम हवेत पडून राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. हे विष परत गरम करूनही जात नाही. म्हणून "सिस्टर, चांगला फोडणीला घातला होता की" म्हणत उलट्या घेऊन आलेली माणसे आम्ही दवाखान्यात असताना पाहिली आहेत. शिजलेले अन्न बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये, कडक उन्हाळ्यात तासाभराच्या वर नको. उरलेला भात लगेच परातीत पसरून गार करा आणि फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीज नसेल तर त्याच रात्री बेसन, कांदा, मिरची घालून त्याची थालीपिठे लावून खाऊन टाका. सकाळपर्यंत ठेवू नका, त्यापेक्षा रात्री मूठभर तांदूळ कमी टाका. आमटी-रश्शाचेही तेच, उरली तर तीत पीठ मळून दशम्या लाटा. गरोदर बाई, लहान मूल आणि म्हातारे माणूस यांना रात्रीचा भात देऊच नका.

भाकरी-चपाती कोरडी असते, ती रात्रभर टिकते. बुरशी दिसली तर मात्र सगळीच टाका, तेवढाच भाग कापून उपयोग नाही. भाकरीचा काला करताना पाणी उकळून गार केलेले घ्या. 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा दूषित पाणी काय करते ते आपण सगळ्यांनी पाहिले. नळाला रोज पाणी येत नाही, पिंपात साठवलेले वापरतो, म्हणून हे सांगतो.

आणि आता पुन्हा त्या बाईकडे. घरात उरते काय ते बघा. भात आणि पातळ रस्सा. भाजी, डाळीचा घट्ट भाग, अंडे, मटणाचा तुकडा कधी उरत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायांना रक्तक्षय निघाला. आधीच्या पाहणीत तो 48 टक्के होता. त्याची कारणे पुष्कळ आहेत, पण शेवटी जेवणारीच्या वाट्याला काय येते हे त्यातले एक आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. लोहाच्या गोळ्या आम्ही वाटल्या, पुढेही वाटू. ताट बदलल्याशिवाय त्या किती पुरणार?

तेव्हा उरलेली चपाती उरली तर सगळ्यांच्या ताटात जावी. सासरे, नवरा, पोरगा, सगळ्यांच्या. कुस्करा करायचा तर मोठ्या कढईत करा, त्यात कांदा, मोड आलेली मटकी, मूठभर शेंगदाणे, वरून लिंबू पिळा. त्यावर लगेच चहा नको, चहामुळे अन्नातले लोह अंगी कमी लागते. चहा-चपातीवर कामाला जाणाऱ्यांनी हे जरा मनावर घ्यावे. आणि सगळ्यांनी एकत्र बसून जेवावे, म्हणजे पातेल्यात किती आहे ते सगळ्यांना दिसते.

राहिले विहारातले भोजनदान. जयंतीला आणि बुद्ध पौर्णिमेला आपण मोठ्या मनाने रांधतो, मग दुपारी उरलेल्या खिरीचे पातेले तसेच उन्हात राहते आणि संध्याकाळी तीच वाटतो. दुधाची खीर वैशाखात इतका वेळ टिकत नाही. मंडळांनी आदल्या दिवशी घरोघर माणसे मोजावीत, खीर दोन वेळा थोडी थोडी शिजवावी आणि पातेले तासाभरात रिकामे करावे. ताटात आधी एकच डाव वाढावा, हवे त्याने परत मागावे.