मांजरीला मांजरीचेच औषध
कुत्रा आणि मांजर एकाच घरात नांदत असले, तरी पिसवांवरील औषध दोघांना एकच चालत नाही. कुत्र्यांच्या अनेक औषधांत परमेथ्रिन असते. मांजरीच्या यकृताला त्याचा निचरा नीट करता येत नाही. थरथर, झटके आणि प्रसंगी मृत्यूही ओढवतो. थोडेच लावले म्हणून धोका टळत नाही. मांजरीचे वय व वजन सांगून पशुवैद्यांकडून तिच्यासाठीचेच औषध घ्यावे. मानेच्या मागे, डोक्यालगत केस विलग करून ते थेट त्वचेवर सोडावे. तेथे तिची जीभ पोहोचत नाही. वाळेपर्यंत इतर मांजरांना तिला चाटू देऊ नये. परमेथ्रिन लावलेल्या कुत्र्यापासूनही तिला दूर ठेवावे. थरथर दिसताच विनाविलंब पशुवैद्यांकडे न्यावे.