महाग कंत्राट, स्वस्त मजूर

घर दुरुस्त करावयाचे ठरले की मध्यमवर्गीय कुटुंबात एक प्रश्न हमखास उभा राहतो : अधिक दर सांगणाऱ्या कंत्राटदारास काम द्यावे की कमी दरवाल्यास? 'पैसे जास्त गेले तरी चालतील, काम चोख हवे,' असे म्हणणारा गृहस्थ काही गैर मागत नाही. परंतु जास्त गेलेला पैसा जातो कोठे, हे मात्र तो क्वचितच विचारतो.

चोख काम म्हणजे तरी काय? भिंत भिजवून मगच गिलावा चढविणे, त्यावर निदान ७ दिवस पाणी मारणे, न्हाणीघरात पाणी तुंबवून गळती तपासल्यावरच लादी बसविणे, रंगाचा एक हात पुरता वाळल्याखेरीज दुसरा न देणे. कसब लागतेच, पण त्याहून अधिक लागतात ते दिवस, आणि दिवस म्हणजे गवंडी-बिगाऱ्यांची रोजंदारी. वाढीव दरातून हे दिवस विकत घेतले जात असतील, तर तो दर वाजवीच म्हटला पाहिजे.

प्रत्यक्षात बहुधा निराळेच घडते. कंत्राटदार तेच काम चौरस फुटाच्या भावाने मुकादमाकडे सोपवितो आणि मुकादम नाक्यावरून माणसे उचलतो. नाक्यावरची रोजी घरमालकाने काय दर मोजला यावर ठरत नाही. तेथे किती हात रिकामे उभे आहेत यावर ठरते. मधल्या माणसाचा नफा दिलेली किंमत आणि मजुराच्या हाती पडणारा वाटा यांतील फरकातून निघतो, हे मार्क्सने 'भांडवल'च्या पहिल्या खंडात (१८६७) उक्त्या मजुरीच्या प्रकरणात दाखवून दिले आहे.

इंग्लंडातील घरे रंगविणारा कामगार रॉबर्ट ट्रेसेल याची कादंबरी त्याच्या मृत्यूनंतर, १९१४ साली प्रसिद्ध झाली. तीत करारात रंगाचे तीन हात ठरलेले असताना मुकादम दोनांतच काम उरकवितो, आणि जीर्ण दोर न बदलल्यामुळे शिडीसह कोसळून एक वृद्ध रंगारी प्राणास मुकतो. गिऱ्हाइकाला फसविणारा आणि मजुराला मारणारा हिशेब एकच होता. आजच्या परांच्या पाहिल्या, तर तो फारसा बदललेला दिसत नाही.

कायद्याने तरी या मजुराची दखल घ्यावी! १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यातून स्वतःच्या राहत्या घराचे १० लाखांपर्यंतचे काम वगळलेले होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी ही मर्यादा ५० लाखांवर नेली. घरदुरुस्तीची जवळजवळ सर्व कामे आता त्या मर्यादेच्या आत, म्हणजेच संरक्षणाच्या बाहेर गेली आहेत. ही सवलत मध्यमवर्गीयाच्या नावाने दिली गेली, हे विशेष.

तेव्हा अधिक पैसे द्यावेत, परंतु दराकडे पाहून नव्हे. रंगाचे हात किती, पाणी मारण्याचे दिवस किती, परांची व पट्टे कोणाचे, गवंड्याची व बिगाऱ्याची रोजी किती, हे कंत्राटदाराकडून लिहून घ्यावे आणि कामावरच्या माणसांना ते वाचून दाखवावे. शेवटच्या दोन बाबी लिहून देण्यास जो खळखळ करील, त्याचा दर कितीही असो, त्याला काम देऊ नये. बांधकाम मजुरांच्या संघटनांनी ५० लाखांच्या मर्यादेविरुद्ध उठविलेल्या आवाजात घरमालकांनीही आपल्या सह्या घालाव्यात. गळके छप्पर त्यांच्याच डोक्यावर असते.