ख्रिसमस जंपरची साथ

डिसेंबर लागला की इकडे इंग्लंडात भली भली माणसं वाढदिवसाच्या केकसारखी दिसू लागतात. लालभडक स्वेटर, छातीवर रेनडिअर, त्याला खरोखरचं लोंबणारं गोंड्याचं नाक, वर लुकलुकणारे दिवे! हाच तो ख्रिसमस जंपर. जितका भयाण तितका भारी म्हणे.

मंडळी, नुसता डोळ्यांना खुपतो म्हणून माझा राग नाही. मुळात हा विनोद आजीने विणलेल्या ओबडधोबड स्वेटरवरचा. २००१ सालच्या 'ब्रिजेट जोन्सेस डायरी' सिनेमात कॉलिन फर्थच्या अंगात असाच रेनडिअर होता. तिथवर ठीक. पण आता ते ओबडधोबडपणसुद्धा कारखान्यात काढतात! हबब नावाच्या ब्रिटिश संस्थेने २०१९ साली १०८ जंपर तपासले, त्यातले ९५ टक्के पूर्णपणे किंवा काही अंशी प्लॅस्टिकचे निघाले. म्हणजे लोकर नाहीच, आणि आजी तर नाहीच नाही. चार दिवस मिरवायचं, जानेवारीत माळ्यावर नाहीतर कचऱ्यात.

'सेव्ह द चिल्ड्रन'ने २०१२ पासून जंपर दिवस सुरू केला, त्यातून मुलांसाठी पैसे जमतात, हे मान्य. मग द्या की पैसे! त्यासाठी नवा जंपर कशाला? पण ऑफिसात हे बोलायची सोय नाही. न घालणारा लगेच आखडू ठरतो.

मी त्या दिवशी आईने विणलेला तपकिरी स्वेटर घालून जातो. गेल्या वर्षी शेजारच्या टेबलावरचा गोरा मनापासून म्हणाला, "मस्त आहे रे! कुठल्या दुकानात मिळाला?"