विश्लेषण : डोंगरातली माती कुठून सुटते, हे उपग्रह सांगू शकतो का?

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना राज्यात २०१७ मध्ये सुरू झाली. धरणातला गाळ जेसीबीने काढायचा आणि ट्रॅक्टरने शेतात नेऊन टाकायचा. पण हा गाळ म्हणजे वरच्या डोंगरातल्या कुणाच्या तरी शेताची माती असते. ती नेमकी कुठून सुटते, हा प्रश्न गाळ उपसण्याआधी विचारायला हवा. उपग्रहाच्या मदतीने त्याचे बरेचसे उत्तर मिळते. मात्र नकाशा कुठे फसतो, हेही ठाऊक असावे लागते.

नकाशा तयार कसा होतो?

वाहून जाणारी माती उपग्रहाला दिसत नाही. त्याला दिसतो उतार, झाडोरा आणि जमिनीचा वापर. पावसाचा जोर, मातीचा प्रकार, उताराची लांबी व तीव्रता, जमिनीवरचे आच्छादन आणि बांधबंदिस्ती अशा पाच घटकांचा गुणाकार केला, की हेक्टरी वर्षाला किती टन माती सुटेल याचा अंदाज निघतो. या समीकरणाला 'रुसल' म्हणतात. उताराची माहिती इस्रोच्या कार्टोसॅटकडून मिळते, तर आच्छादनाची लँडसॅट किंवा सेंटिनेल-२ कडून.

समीकरणाचे मूळ अमेरिकेतल्या प्रायोगिक शेतांत आहे. तिथला प्रमाण तुकडा सुमारे २२ मीटर लांब आणि ९ टक्के उताराचा. सह्याद्रीतल्या कड्याला तो हिशेब लावला की आकडे अनेकदा अवाच्या सवा फुगतात.

सह्याद्रीत अडचण काय?

अकोले तालुक्यात प्रवरेच्या उगमाकडचा भाग घ्या. रतनवाडी-घाटघरला धो धो पाऊस, आणि काही तासांच्या अंतरावरचे संगमनेर पर्जन्यछायेत. पर्जन्यमापके मोजकी असल्याने मधल्या गावांचा पाऊस अंदाजानेच भरला जातो. पण खरी मेख आहे ती तारखेत. माती सर्वाधिक सुटते जून-जुलैत. राब भाजून झालेला असतो, उतार नांगरलेला असतो, नाचणी-वरईची रोपे अजून लागायची असतात आणि जमीन उघडी असते. नेमके तेव्हाच डोंगरावर ढग बसलेले असतात. मग अभ्यासासाठी निवडले जाते ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले स्वच्छ छायाचित्र. त्यात गवत माजलेले, पीक उभे. नकाशा म्हणतो, आच्छादन चांगले आहे! उन्हाळ्यातले छायाचित्र घेतले तर उलट चूक होते. सगळेच भुंडे दिसते. ढगांतून पाहू शकणारे रडार उपग्रह इथे उपयोगी पडतात. इस्रो आणि नासाचा 'निसार' जुलै २०२५ मध्ये अवकाशात गेला. त्याचा वापर पाणलोटाच्या कामासाठी आताच ठरवून घ्यायला हवा.

दुसरी अडचण आकाराची. लँडसॅटचा एक चौकोन ३० मीटर बाजूचा, म्हणजे जवळपास ९ गुंठे. डोंगरातली कितीतरी भातखाचरे त्याहून लहान. सेंटिनेल-२ चा चौकोन १० मीटरचा, साधारण एक गुंठा. तो बराच बरा. तरी खाचराचा बांध त्यातही दिसत नाही, आणि माती अडवणारा तर तोच असतो. घळी आणि दरडी या समीकरणात मोजल्याच जात नाहीत. म्हणून धूपेच्या नकाशावर माळीणसारख्या दरडीचा धोका शोधू नये. तो वेगळा अभ्यास आहे.

मग नकाशाचा उपयोग काय?

टनांचा आकडा बाजूला ठेवला तरी क्रम बहुधा उपयोगी पडतो : एका पाणलोटातला कोणता ओढा सर्वाधिक माती आणत असावा, हे कळते. कामे कुठून सुरू करायची, याला तेवढे पुरते. 'माथा ते पायथा' हे तत्त्व कागदावर जुने आहे. प्रत्यक्षात जिथे यंत्र सहज पोहोचते तिथे, म्हणजे पायथ्याच्या नाल्यात, खोलीकरण आधी होते आणि माथ्यावरचे समतल चर मागे राहतात. हा नकाशा कामे ठरल्यावर अहवालाला जोडण्यासाठी नाही. तो कामे ठरण्याआधी ग्रामसभेत उघडला पाहिजे. लाल दिसणाऱ्या उतारावर खरोखर काय आहे, हे तिथल्या शेतकऱ्यांना एका दृष्टिक्षेपात सांगता येते.

पडताळणीलाही फार खर्च लागत नाही. प्रत्येक ओढ्यावरच्या बंधाऱ्यात पावसाळ्याआधी आणि नंतर गाळाची उंची मोजून ठेवायची. तीन-चार वर्षांच्या नोंदींवरून नकाशाचा क्रम बरोबर होता की नाही ते दिसते. ही मोजणी पाणलोटाच्या अंदाजपत्रकातच धरायला हवी. एरवी गाळ उपसताना ट्रॅक्टरच्या खेपा तेवढ्या मोजल्या जातात.