कटकन् वाजलं म्हणजे बरं झालं?

हल्ली आमच्या अंधेरी-मुलुंडकडे कायरोप्रॅक्टिकचं भारी फॅड आलंय. मोबाईलवर कंबर कटकन् वाजताना बघायची आणि व्हिडिओ सत्तरीच्या काकांना पाठवायचा, 'एकदा जाऊन याच!' अहो, पण काकांना आहे स्पायनल स्टेनोसिस. म्हणजे हाड वाढून, अस्थिबंध जाड होऊन मणक्यातली नसांची वाट अरुंद झालेली. म्हणून तर स्टेशनपर्यंत चाललं की पाय भरून येतात आणि वाकून बसलं की बरं वाटतं.

तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी होण्याचा. त्याने वाढलेलं हाड कमी होत नाही! अमेरिकेत २५९ रुग्णांवर झालेली चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. हाताचे उपचार आणि व्यायाम घेणाऱ्यांना दोन महिन्यांनी थोडा जास्त आराम होता. सहा महिन्यांनी औषधवाले, नुसते व्यायामवाले आणि हे, सगळे सारखेच!

तेव्हा मंडळी, आधी ऑर्थोपेडिक डॉक्टर, मग फिजिओथेरपी. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर तडक हॉस्पिटल. पुण्य हवंच असेल तर व्हिडिओ पाठवण्याऐवजी काकांबरोबर ओपीडीच्या रांगेत बसा.