बालाघाटावरचा बिनतारी दुवा

बीड जिल्ह्याला वाट पाहण्याची सवय फार जुनी आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात मंजूर झालेल्या अहिल्यानगर–बीड–परळी लोहमार्गावरून जिल्ह्याच्या ठाण्यापर्यंत प्रवासी गाडी पोहोचली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. या दिरंगाईची कारणे कोणतीही असोत, तिची किंमत कोणी मोजली हे उघड आहे. आता तसाच प्रश्न इंटरनेटच्या जोडणीबाबत उभा आहे. काचतंतूची केबल प्रत्येक वाडीच्या उंबरठ्यावर येईपर्यंत बीडच्या विद्यार्थ्याने थांबावयाचे काय?

ग्रामपंचायतींना काचतंतूने जोडण्याची योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिचे नाव ‘भारतनेट’ झाले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर झाली. उद्दिष्ट स्तुत्य आहे, याविषयी दुमत नाही. परंतु ग्रामपंचायतीच्या कार्यालयापर्यंत आलेली केबल म्हणजे गावात आलेले इंटरनेट नव्हे. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी या तालुक्यांत एकेका ग्रामपंचायतीखाली कित्येक वाड्या, वस्त्या आणि तांडे डोंगरउतारांवर विखुरलेले आहेत. पाच-दहा घरांच्या शेतवस्तीसाठी मुरूम आणि कातळ फोडून चर खणणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. आणि केबल टाकलीच, तर रस्ता रुंद करणारे किंवा जलवाहिनी टाकणारे यंत्र ती केव्हा तोडील याचा नेम नसतो.

या अखेरच्या दोन-चार कोसांसाठी स्थिर बिनतारी जोडणी हा व्यवहार्य उपाय आहे. काचतंतू जेथे संपतो तेथील उंच जागेवर एक अँटेना, ग्राहकाच्या छपरावर तिच्याकडे तोंड केलेली दुसरी लहान अँटेना, आणि मध्ये मोकळे आकाश, एवढाच तिचा प्रपंच. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्झ लहरी परवानामुक्त केल्या, त्यामुळे ठरलेल्या शक्तिमर्यादेत अशा दुव्यासाठी लहरींचे शुल्क द्यावे लागत नाही. हा प्रयोग नवाही नाही. मुंबईच्या आयआयटीने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात पालघर जिल्ह्यातील खेडी बिनतारी मार्गानेच जोडून दाखविली. तमिळनाडूत अरविंद नेत्र रुग्णालयाने खेड्यांतील तपासणी केंद्रे लांब पल्ल्याच्या वाय-फाय दुव्यांनी जोडली, आणि शहरातील डॉक्टर खेड्यातील रुग्णाशी समोरासमोर बोलू लागला. २०२३ पासून मोठ्या कंपन्याही ‘एअरफायबर’च्या नावाने घरोघरी हीच सेवा विकू लागल्या आहेत.

यावर असे विचारले जाईल की, प्रत्येकाच्या हाती मोबाइल असताना ही वेगळी खटपट कशासाठी? बीडपुरते याचे उत्तर ऊसतोडीच्या हंगामात आहे. दिवाळीच्या आगेमागे या जिल्ह्यातील लक्षावधी माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. घरातील एकुलता मोबाइल त्यांच्याबरोबर फडावर जातो. आजी-आजोबांपाशी किंवा वसतिगृहात राहिलेल्या मुलाच्या हाती काहीच उरत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर, पीकविमा संकेतस्थळावर, पिकाची नोंद २०२१ पासून ई-पीक पाहणीवर, प्रवेशाच्या याद्या संगणकावर! शासनाने सर्व व्यवहार जोडणीवर नेऊन ठेवला आणि जोडणी मात्र नागरिकाच्या नशिबावर सोडली. मोबाइल माणसाबरोबर फिरतो. स्थिर जोडणी गावात राहते. शाळेत, वसतिगृहात, वाचनालयात ती असेल, तर मागे राहिलेले मूल खऱ्या अर्थाने मागे राहणार नाही.

अर्थात बिनतारी म्हणजे बिनकष्टी नव्हे. या लहरींना दोन टोकांमध्ये निर्वेध दृष्टिरेषा लागते, आणि ती रेषा दोरीसारखी बारीक असून भागत नाही. दहा किलोमीटरच्या दुव्याला मध्यभागी रेषेच्या सभोवती सुमारे अकरा मीटर त्रिज्येची जागा लागते, आणि तिचा निदान मोठा भाग मोकळा असावा लागतो. पानगळीत केलेली पाहणी म्हणूनच पावसाळ्यात फसते. लिंबाला आणि चिंचेला पालवी फुटली की संदेश क्षीण होतो आणि ग्राहक राउटरला दोष देत बसतो. वळवाच्या विजा मराठवाड्यात दरवर्षी बळी घेतात. तेव्हा उंच खांबाला भूसंपर्क न देता अँटेना चढविणे हा निव्वळ निष्काळजीपणा होय. वीज गेली की दुवाही जातो. पण असे लहान उपकरण थोड्याच वॉटवर चालत असल्याने सौर पत्रा आणि बॅटरी यांनी ही अडचण निवारता येते.

याहून मोठी अडचण नीतीची आहे. एका अँटेनाची क्षमता तिच्यावरील सर्व ग्राहकांत वाटली जाते. समजा, ती २०० एमबीपीएस आहे आणि ४० घरांना प्रत्येकी ५० चे आश्वासन दिले. म्हणजे असलेल्याच्या दसपट विकले. सर्वजण एकाच वेळी वापर करीत नाहीत, हे खरे. पण दहावी-बारावीचा निकाल लागतो त्या दुपारी किंवा अर्जाच्या शेवटच्या रात्री सर्वजण एकाच वेळी येतात, आणि नेमके तेव्हाच आश्वासन उघडे पडते. जानेवारी २०२३ पासून ‘ब्रॉडबँड’ म्हणविण्यासाठी किमान वेग दोन एमबीपीएस असावा असा सरकारी दंडक आहे. तो कागदावर न राहता गर्दीच्या वेळी मिळणारा किमान वेग म्हणून ग्राहकाच्या पावतीवर लिहिला गेला पाहिजे.

यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतील. पहिली, उंची उपलब्ध करून देणे. जिल्हा परिषदेच्या शाळांच्या गच्च्या आणि नळयोजनांच्या उंच टाक्या ही जनतेच्या पैशांतून उभी राहिलेली उंची आहे. ती ठरावीक भाड्याने, जाहीर नियमांनी आणि कोणा एकाची मिरासदारी होऊ न देता खुली करावी. दुसरी, भारतनेटची ग्रामपंचायतीतील क्षमता लहान सेवा पुरवठादारालाही रास्त दरात मिळावी. जिल्ह्यापुरत्या इंटरनेट सेवेचा परवाना कायद्यात आहे आणि केबल टीव्ही चालविलेले तरुण तालुक्यात आहेत. त्यांना मूळ जोडणीच मिळाली नाही तर परवाना भिंतीवर लावण्यापुरता उरतो. तिसरी, दुरुस्तीचे ज्ञान गावात रुजविणे. आयटीआयमध्ये तारतंत्री घडतो, तसा खांब चढणारा, दृष्टिरेषा तपासणारा, भूसंपर्क देणारा कारागीरही घडला पाहिजे. बिघाड झाल्यावर पुण्याहून माणूस येण्याची वाट पाहावी लागणारी सेवा ही सेवा नव्हे.

काचतंतू श्रेष्ठ आहे, हे निर्विवाद. जेथे तो नेता येईल तेथे जरूर न्यावा. बिनतारी दुवा हे त्याच्या दिरंगाईचे निमित्त होऊ नये. तथापि उद्याच्या उत्तमासाठी आजचे पुरेसे नाकारण्याची चैन बीडला परवडणारी नाही. लोहमार्गासाठी तीस वर्षे थांबता आले, कारण तोवर एसटी होती. बारावीतल्या मुलाला मात्र प्रवेशअर्जाची मुदत चुकल्यावर दुसरी गाडी मिळत नाही.